नामोच्चार आणि अपराध

‘झाउंड्स’ हा जुना इंग्रजी उद्गार आज शेक्सपिअरच्या नाटकांबाहेर क्वचितच कानी पडत असला, तरी त्याच्या व्युत्पत्तीत धर्मचिंतनाचा एक गहन प्रश्न दडलेला आहे. ‘गॉड्स वूंड्स’, म्हणजे क्रूसावरील प्रभूच्या जखमांची आण, हे त्याचे मूळ रूप. त्यातील ‘गॉड’ गाळला गेला आणि षष्ठीचा प्रत्यय तेवढा जखमांना चिकटून राहिला.

ही काटछाट भीतीपोटी झाली. ईश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये अशी मोशेच्या दशाज्ञांतील एक आज्ञा आहे. आणि प्रभूच्या अवयवांची शपथ वाहणारा त्याचा देह पुन्हा विदीर्ण करतो, असे मध्ययुगीन धर्मोपदेशक कळवळून सांगत. बकिंगहॅमशायरमधील ब्रॉटन गावच्या चर्चच्या भिंतीवर छिन्नविच्छिन्न पुत्राला मांडीवर घेतलेली मेरी चितारली आहे, आणि तिच्या सभोवती उभ्या असलेल्या शपथखोरांच्या हातांत त्याच देहाचे तुटलेले भाग आहेत. पुढे 1606 साली पार्लमेंटने रंगभूमीवर ईश्वराचे नाव थट्टेवारी वा अनादराने घेणाऱ्यास दर गुन्ह्यास दहा पौंड दंड फर्मावला, आणि त्यातील निम्मी रक्कम फिर्याद गुदरणाऱ्यास देण्याची तरतूद केली. ‘ऑथेल्लो’च्या 1622 च्या प्रतीत असलेल्या कित्येक शपथा शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या संग्रहात आढळत नाहीत.

परंतु नाव मोडून उच्चारल्याने दोष टळतो काय? दोष ध्वनीत असेल तर टळतो, हेतूत असेल तर टळत नाही. आपल्याकडे भागवतातील अजामिळाने मृत्युसमयी ‘नारायण’ अशी हाक मारली ती पुत्राला, तरीही यमदूतांना माघारी फिरावे लागले. थट्टेने वा अवहेलनेने घेतलेले नामदेखील पापहारक होय, असे तो ग्रंथ निःसंकोचपणे सांगतो. एका परंपरेत अनवधानाचे नाम तारते, दुसरीत ते दोषास पात्र ठरते. तथापि उच्चारणाऱ्याच्या मनात काहीही असो, नाम निष्फळ जात नाही, ही श्रद्धा दोहोंच्या मुळाशी आहे, आणि माझ्या मते या विरोधापेक्षा हे ऐक्यच अधिक मोलाचे आहे. म्हणूनच, क्रोधाने बेभान झालेला असतानाही जो इंग्रज ईश्वराचे नाव ओठांवर येता येता गिळून टाकी, त्याला मी नास्तिक वा दांभिक म्हणणार नाही. दिवसातून शंभरदा अखंड नाम उच्चारूनही ज्याचे चित्त क्षणभरदेखील थबकत नाही, त्याच्याहून तो मला अधिक श्रद्धावान वाटतो.