निर्माल्य आणि वारकरी

मार्गशीर्षातील एके सकाळी आम्ही इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी पाहावयास गेलो. सोबत देवघरातील निर्माल्याची पिशवी होती. ते पाण्यात सोडावे ही आमच्या घरची रीत. होळकरांच्या काळातील हा तलाव पुढे सांडपाणी व अतिक्रमण यांनी ग्रासला होता. श्री. भालू मोंढे प्रभृती निसर्गप्रेमींनी दीर्घकाळ खटपट करून तो सावरला, आणि २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत त्याची गणना झाली.

पाण्यावर काळे, कपाळी पांढरा टिळा असलेले पक्षी थव्याने तरंगत होते. मराठीत त्यांस वारकरी म्हणतात. नाव ठेवणाराची दृष्टी धन्य होय! ते बुडी मारून पाणवनस्पती वर आणीत व खात. आमचा हात पिशवीवरच थबकला. फुले कुजली की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. परंतु त्या शिकण्याची आणि देवघराची गाठ आजवर कधी घातली नव्हती. देवास वाहिलेले पवित्र, हे मान्य. पण तेवढ्याने ते दुसऱ्याच्या ताटात टाकण्याचा अधिकार आम्हांस मिळतो काय?

पिशवी तशीच परत आणिली. वडिलांनी विचारले, "विसर्जन झाले ना?" आम्ही तुळशीवृंदावनामागील खड्डा दाखविला. ते अद्याप काही बोललेले नाहीत.