विचारलं, पण केव्हा?

पत्रिका छापून झाल्या, कार्यालय ठरलं, आचाऱ्याला विसार दिला आणि मग मुलीला विचारलं, 'मुलगा पसंत आहे ना तुला?' तिनं मान हलवली, तरी त्या होकाराला काय किंमत? राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जे झालं, ते मला या जातीचं वाटतं.

तारखा पाहा. फेब्रुवारी २००९ मध्ये अणुऊर्जा महामंडळानं तिथल्या नियोजित जैतापूर अणुवीज प्रकल्पासाठी फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी सामंजस्य करार केला. जानेवारी २०१० पर्यंत माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल भागातली सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. जनसुनावणी झाली ती त्यानंतर, १६ मे २०१० ला. २८ नोव्हेंबरला ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले. ज्या सभेत लोकांनी 'हे इथे नको' म्हणायचं, ती सभा भरली तेव्हा पायाखालची जमीन त्यांची उरलेली नव्हती.

हे नियमबाह्य होतं का, हा वेगळा प्रश्न आहे. माझा प्रश्न नियमाच्याच पोटातला आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी बसतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं. पण सभेला गणपूर्तीची अट नाही आणि तिथे मतदान होत नाही. हजार माणसं 'नको' म्हणाली, तर हजार हरकतींची नोंद होते. नोंद आणि संमती या दोन गोष्टी आपण एकच मानत आलो आहोत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागेल असं म्हटलं. सरकार स्वतःसाठी जमीन घेणार असेल तर तीही अट नाही. म्हणजे ज्याच्या हाती पोलीस आहेत, त्यालाच विचारण्यातून सूट. हे मला पटत नाही.

आणि विचारायचं कोणाला, हे तरी कुठे धड ठरतं? सातबारावर सड्याची नोंद 'पोटखराबा' अशी होते, आणि मग सरकारी कागदात तो सहज 'पडीक' होऊन बसतो. कोकणातला माणूस त्याच कातळाला सुरुंग लावून खड्डा करतो, खालून डोक्यावर वाहून आणलेली माती त्यात भरतो आणि हापूसचं कलम लावतो. पहिल्या उन्हाळ्यांत पाण्याची कळशीही अशीच चढवावी लागते. कागदावर मोबदला हेक्टरी ठरतो. त्या कळशांचा हिशेब कोण धरणार? शेजारच्या साखरीनाट्याच्या मच्छीमारांचा तर सातबारा म्हणजे समुद्र. प्रकल्पाचं गरम पाणी तिथे जाणार, पण जमीन जात नाही म्हणून भूसंपादनाच्या यादीत त्यांना जागा नाही. १८ एप्रिल २०११ ला तिथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार गेला. त्याच्या आईला सांगता येईल असं उत्तर माझ्यापाशी नाही.

न विचारता पुढे जाण्याची ही रीत जुनी आहे; मुंबईच्या विजेसाठी मावळातल्या माणसालाही असंच विचारलं नव्हतं. मुळशीत जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच टाटांच्या धरणाचं काम सुरू झालं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे त्या कामावर जाऊन बसले आणि पुढे सेनापती बापट त्या लढ्याचे नेते झाले. धरण झालंच.

प्रत्येकाला विचारत बसलो तर देशात वीज कशी तयार होणार, असं म्हणणारे माझे मित्र आहेत. त्यांची काळजी खरी आहे. मीही पंख्याखाली बसूनच हे लिहितो आहे, आणि कोळशापासून सुटका व्हायला हवी असं मलाही वाटतं. पण जैतापूरला मंजुरी मिळून पंधरा वर्षं उलटली. तेव्हा नियोजित असलेल्या ९,९०० मेगावॅटपैकी एक मेगावॅटही तिथे तयार झालेला नाही. विजेचा दर, अणुअपघाताच्या दायित्वाचा कायदा, अरेवा कंपनीची अवस्था, अशी त्याची कारणं अनेक आहेत. लोकांना विचारण्यात वेळ गेला, असं मात्र कोणालाही म्हणता येणार नाही.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, जाहीर सुनावणीची नोटीस येते. यापुढे ती दिसली की पान उलटू नका. त्या प्रकल्पाचा करार कधी झाला आणि जमीन कधी घेतली, एवढ्या दोन तारखा शोधा आणि सुनावणीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. हरकती लेखी पाठवता येतात. त्या तीन तारखा घालून एक पत्र तुम्हीही पाठवा.