वाकसाचा दांडा



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरी पेढे वाटले जातात. दुसऱ्या घरी संध्याकाळी चूल उशिरा पेटते, मुलगा कोपऱ्यात तोंड लपवून बसतो आणि बाप पारावरच रेंगाळतो. आज मला ह्या दुसऱ्या घराशी बोलायचे आहे. पेढेवाल्या घरानेही ऐकावे, कारण त्याचीही परीक्षा अजून संपलेली नाही.

अशाच एका घरची हकीकत सांगतो. घर धम्मदीक्षा घेतलेले. भिंतीवर तथागतांची तसबीर, शेजारी परमपूज्य बाबासाहेबांची. मुलगा नापास झाला आणि आईचे मन खचले. दिवेलागणीला पदराखाली नारळ आणि लिंबू झाकून ती गावाबाहेरच्या भगताकडे गेली. भगताने अंगारा दिला आणि वर सांगितले, ‘बाई, देव सोडलेत, म्हणून घराला बाधा झाली.’ ती माउली घरी आली ती दुप्पट भिऊन आली. मुलाचे अपयश एका बाजूला राहिले आणि आपण दीक्षा घेतली हेच चुकले की काय, ही शंका घरात शिरली.

त्या माउलीला कोणी हसू नये. फळ देणारा कोणी तरी वर बसला आहे, तो रुसला की पदरचे हिरावून घेतो आणि हसला की छप्पर फाडून देतो, ही शिकवण आपल्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. भिंतीवरच्या तसबिरी एका दिवसात बदलता येतात, ही समजूत बदलायला वेळ लागतो. परंतु हा प्रश्न एका मुलाच्या गुणपत्रिकेपुरता नाही. यश कोठून येते ह्याचे उत्तर ज्याला ठाऊक नाही, तो पहिल्याच अपयशात भगताच्या दारात उभा राहतो. म्हणून हे उत्तर आपण धम्मात शोधले पाहिजे.

संयुत्त निकायात भगवंतांनी दिलेला एक दाखला आहे. सुतार रोज वाकसाने लाकूड तासतो. वर्षानुवर्षे त्याची बोटे वाकसाच्या दांड्याला घासत राहतात. एके दिवशी तो पाहतो तर दांड्यावर बोटांच्या आणि अंगठ्याच्या खुणा उमटलेल्या असतात. आज किती झिजला, काल किती झिजला, असे त्याला विचारले तर सांगता येणार नाही. झिजला एवढे मात्र त्याला दिसते. मनातले विकार झिजतात तेही असेच, असे तथागत भिक्खूंना समजावून सांगतात. खेड्यात सुताराचे मेट आपण सर्वांनी पाहिले आहे. जुना दांडा हातात घेऊन पाहा, त्या खाचांत आपली बोटे जाऊन बसतात.

त्याच ठिकाणी दुसरा दाखला कोंबडीचा आहे. खुडूक कोंबडी आठ, दहा, बारा अंड्यांवर नीट बसली, तिने ती नीट उबवली, तर ‘माझी पिले बाहेर येवोत’ अशी इच्छा तिने केली नाही तरीही पिले कवच फोडून बाहेर येतात. आणि ती बसलीच नाही, तर कितीही इच्छा केली तरी काही निघत नाही. मायभगिनींनो, हा दाखला तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक कळतो. कोंबडी बसली असताना तुम्ही रोज अंडे फोडून पाहता काय? आणि ती उठून गेलेली असताना नवस बोलून पिले काढता काय? मुलाच्या शिक्षणाला वेगळा नियम नाही. तो किती बसला, कोठे बसला, त्याला ऊब कोणी दिली, हे आधी विचारावे. अंगाऱ्याचा ह्यात कोठेच संबंध येत नाही.

आता बाबासाहेबांकडे पाहू. त्यांच्या पदव्या आपली लहान मुलेसुद्धा जयंतीच्या सभेत घडाघडा म्हणून दाखवतात, टाळ्या मिळतात. पदव्यांच्या मागची वर्षे मात्र कोणी म्हणून दाखवत नाही. परळच्या चाळीत एका खोलीचा संसार होता. सुभेदार रामजी मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. खोलीत जागा एवढीच होती आणि शांतता तेवढ्याच वेळेला मिळे. पुस्तकाला पैसे नसले की म्हातारा लग्न झालेल्या लेकीकडे जाई, तिच्याकडेही पैसे नसले तर तिचा दागिना मागून आणी, गहाण टाकी आणि पेन्शन आले की सोडवून परत करी. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार झाला, केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तो सत्कार इतिहासात नोंदला गेला. रात्री दोन वाजता डोळे चोळीत उठण्याचे सत्कार कोणी करीत नसते.

पुढे 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, तेथून 1916 साली लंडनला. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, राहायला जागा मिळेना, कारण जात आडवी आली. एवढा शिकलेला माणूस सामान घेऊन बाहेर पडला. अशा वेळी कोणाला वाटले नसते की शिकून काय उपयोग झाला? त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळपासून बसत. रात्री भूक लागली तर पापड भाजून खात आणि पुन्हा पुस्तक उघडीत.

आणि आता त्या नापास झालेल्या मुलाने नीट ऐकावे. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध बाबासाहेबांनी 1922 साली लंडन विद्यापीठाला सादर केला. तो पहिल्या वेळी मान्य झाला नाही. पुन्हा लिहा, असे सांगण्यात आले. पैसे संपत आले होते, ते 1923 मध्ये मुंबईला परतले, येथे बसून त्यांनी तो पुन्हा लिहिला, आपले निष्कर्ष न बदलता पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. ज्यांच्या नावाने आपण जयभीम म्हणतो, त्यांचाही प्रबंध एकदा परत आला होता! त्यांनी तो दैवावर टाकला नाही. कोणते पान कच्चे आहे ते पाहिले आणि ते पान पुन्हा लिहिले.

रमाईंची गोष्ट ह्याच ओळीत आली पाहिजे. साहेब परदेशात असताना मुंबईतला संसार त्या माउलीने कसा ओढला असेल? पाच लेकरांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्या स्वतः 1935 साली गेल्या. घरातील एकाच्या यशाखाली दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्य पायाच्या दगडासारखे गाडलेले असते आणि बहुधा ते बाईचे असते. साहेब झालेल्या आपल्या मुलांनी हे विसरू नये, एवढेच म्हणतो.

धर्मांतराचेही तसेच आहे. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात घोषणा झाली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली. मध्ये एकवीस वर्षे गेली. ह्या एकवीस वर्षांत बाबासाहेबांनी धर्मग्रंथ तपासले, पाली शिकले, 1950 साली सिलोनला आणि 1954 साली ब्रह्मदेशात जाऊन बौद्ध समाज पाहिला, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिला. घटना समितीचे काम आणि मंत्रिपद ह्याच काळातले. लोकांना दिसली ती नागपूरची पांढरी वस्त्रे. बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांचे पालन करीन अशी एक प्रतिज्ञा आहे, त्यांत वीर्य आहे, क्षांती आहे, अधिष्ठान आहे. ही प्रतिज्ञा ज्यांनी दिली त्यांनी ती आधी एकवीस वर्षे पाळली होती.

आता पेढेवाल्या घराकडे वळतो. तयारी करून यश मिळाले तरी ते टिकेल असे नाही. ते शीलावर टिकते आणि शील तर तयारीपेक्षाही कमी दिसते. श्रावस्तीला एकदा राजा पसेनदी भगवंतांजवळ बसला होता. समोरून निरनिराळ्या पंथांचे तपस्वी चालले. राजाने उठून हात जोडले आणि भगवंतांना म्हणाला, जगात जे अर्हत असतील त्यांपैकीच हे असावेत. भगवंत म्हणाले, महाराज, संसारात राहणाऱ्या माणसाला हे ओळखणे कठीण आहे. शील सहवासाने कळते, तेही दीर्घकाळच्या. प्रामाणिकपणा व्यवहारात कळतो, धैर्य संकटात कळते आणि प्रज्ञा चर्चेत कळते. तेव्हा राजाने कबूल केले की ते सगळे त्याचेच हेर होते, वेष उतरवून, न्हाऊन-माखून ते आता ऐषाराम करतील.

वेष आपणही घालतो. पांढरा सदरा, खांद्यावर निळा पंचा, छातीवर बिल्ला. ते घालावे, त्यात वाईट काही नाही. पण राखीव जागेवर नोकरीला लागलेला आपला मुलगा टेबलाखालून पैसे घेतो काय, पगाराच्या दिवशी दारूच्या गुत्त्यावर जातो काय, गावाकडच्या भावाला ओळख देतो काय, हे शेजारी पाच-दहा वर्षे पाहतात आणि मगच आपल्या धम्माविषयी मत बनवतात. राखीव जागेने दार उघडले. ते बाबासाहेबांनी संविधानात आपल्या हक्काने उघडून ठेवले आहे, त्याची लाज बाळगण्याचे काही कारण नाही. ‘तुम्हांला फुकट मिळते’ म्हणणाऱ्याला परळच्या खोलीतले दोन वाजलेले दाखवावेत. मात्र आत गेल्यावर पाय घसरला तर ते दार आपल्यामागून येणाऱ्या पोरासाठीही जड होते. पाचवे शील मोडल्यामुळे नोकरी गेलेली माणसे आपल्याच वस्तीत किती आहेत, ते मोजायला मला सांगू नका.

मग घरात करावे काय? सम्यक व्यायामाचे चार भाग तथागतांनी सांगितले आहेत. जो दुर्गुण अजून आला नाही त्याला येऊ न देणे, जो आला आहे त्याला घालवणे, जो सद्‌गुण अजून नाही तो निर्माण करणे, जो आहे तो राखून वाढवणे. हे भिक्खूंसाठीच आहे असे समजू नका. मुलगा अजून तंबाखू खात नाही, तर बापाने त्याला दुकानावर पुडी आणायला धाडू नये, हा पहिला व्यायाम झाला. बाप स्वतः पितो, तर त्याने आधी आपली बाटली बंद करावी, हा दुसरा. आणि हा फार कठीण आहे. मुलीला वाचनाची गोडी नाही, तर आठवड्यातून एकदा तिला वाचनालयात न्यावे. ती पहाटे उठू लागली, तर घरात पाहुणे आले, लग्न आले, तरी तिची ती वेळ मोडू नये. चौथ्या व्यायामात आपली घरे हमखास मार खातात. सुरुवात सगळे करतात. लग्नसराई आली की अभ्यास जातो तो जातोच.

नापास मुलाच्या आईबापांनी त्याच्याजवळ बसून प्रश्नपत्रिका उघडावी. स्वतःला वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला बोलवावे. कोणत्या विषयात, कोणत्या भागात कच्चे राहिले ते कागदावर लिहून घ्यावे आणि पुन्हा परीक्षेला बसवावे. तो खरोखर बसलाच नसेल, अंड्यांवरून उठून हिंडत असेल, तर तेही मारझोड न करता, पण स्पष्ट सांगावे. आणि बसूनही कमी पडला असेल तर त्याला लंडनहून परत आलेल्या प्रबंधाची गोष्ट सांगावी.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, अश्विन पौर्णिमेला संपतो. ह्या तीन महिन्यांत आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. पहिल्या दिवशी विहार भरतो, पावसाची झड लागली की चार म्हाताऱ्या उरतात. ह्या वर्षी त्या मुलालाच वाचायला बसवा. रोज दोन पाने, मोठ्याने. पहिले आठ दिवस तो अडखळेल, कोणी दुरुस्ती करू नये. भगताकडे गेलेल्या त्या आईने त्याच्या शेजारी बसून कंदील धरावा.