मिरचीच्या पानामागचा रखवालदार

कळसाडीच्या शिवारात मिरचीचे वा कपाशीचे पान हलकेच उलटून पाहिले, तर केसासारख्या बारीक देठांवर उभी असलेली फिकट हिरवी अंडी कधी कधी दृष्टीस पडतात. ती क्रायसोपा या मित्रकीटकाची, आणि मुंग्यांपासून व आपल्याच भुकेल्या भावंडांपासून बचाव व्हावा म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज असावी. अंड्यातून निघणारी करडी, दोन्ही टोकांना निमुळती अळी जेमतेम ८ मिलिमीटर वाढते. पण विळ्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ असे तिचे जबडे माव्याच्या अंगात रुतले, की रस शोषला जाऊन केवळ साल उरते. फुलकिडे, पांढरी माशी, बोंडअळीची अंडी हेही तिचे भक्ष्य. जाळीदार हिरव्या पंखांचा प्रौढ कीटक मात्र परागकण व मकरंदावर निर्वाह करतो; म्हणून बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू देणे मला अगत्याचे वाटते. मावा दिसताच सरसकट जहाल औषध फवारण्याचा जो शिरस्ता पडला आहे, त्यात शत्रूबरोबर हा बिनपगारी रखवालदारही मरतो, याचे मनस्वी दुःख होते. पुढच्या फवारणीआधी, सकाळच्या उन्हात, पाचदहा झाडांची पाने मागून निरखावीत, आणि ही अंडी आढळली तर पंप दोनचार दिवस बाजूला ठेवावा.