चाल ओळखल्यानंतर

जॅझ कधी मुद्दाम न ऐकलेल्या माणसालाही जॅझच्या चार-दोन चाली ठाऊक असतात. ‘पिंक पँथर’ची दबक्या पावलांनी येणारी सॅक्सोफोनची धून हुबळीतलं शाळकरी पोरही गुणगुणून दाखवतं, ती हेन्री मॅन्सिनीची, १९६३च्या चित्रपटातली, हे त्याच्या गावीही नसतं. आपल्या आधीच्या पिढीच्या कानांवर हे संगीत पडलं ते बरंचसं पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या कृपेने. १९५१च्या ‘अलबेला’त गोव्याचा चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावरच येतो, आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला आपण काय ऐकतो आहोत हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

चाल ओळखीची होते ती अशी, नकळत. त्यात कुणाचं फारसं कर्तृत्व नसतं. ओळख पटल्यावर गाणारा तिचं काय करतो आणि ऐकणारा त्याला काय करू देतो, खरी परीक्षा तिथे असते. हुबळी-धारवाडात सध्या या परीक्षेत आपण श्रोते नापास होतो आहोत, असं माझं मत आहे. जॅझकडे पाहिलं की ते जास्त स्वच्छ दिसतं.

जॅझवाले ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, त्यांतल्या कितीतरी रचना जॅझसाठी झालेल्याच नाहीत. ‘समरटाइम’ हे गर्शविनच्या १९३५च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातलं. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे जेरोम कर्नच्या १९३९च्या एका नाटकातलं. नाटक लगेच आपटलं, पद मात्र आजही रोज कुठे ना कुठे वाजतं. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘स्वयंवर’ रंगमंचावर पाहिलेली माणसं आता किती उरली? पण ‘नाथ हा माझा’ची सुरुवात पेटीवर वाजली की सभागृहातली मान हलते. धारवाडात तर ज्यांना मराठी येत नाही त्यांचीही हलते, आणि ते योग्यच आहे. १९१६च्या त्या नाटकाला चाली देणारे भास्करबुवा बखले काही काळ धारवाडात संगीत शिकवत होते. सवाई गंधर्व, म्हणजे आपल्या शेजारच्या कुंदगोळचे रामभाऊ, मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत गाजले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू या दोघांनीही लहानपणी नाटक कंपनीत तोंडाला रंग लावला होता. घराणी, तालमी, दरबार हे सगळं मान्य. पण या भागाचा कान नाटकाच्या तंबूत तयार झाला हे आपण जरा कमी बोलतो.

चाली उसन्या घेण्यातही दोन्हीकडे चोख व्यवहार होता, फक्त दिशा उलटी. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८० साली ‘शाकुंतल’ घेऊन उभे राहिले ते लावणी, कीर्तन, स्त्रीगीतं आणि कानडी पदं यांच्या चालींवर नवे मराठी शब्द बसवून. पूर्वीच्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचं नाव छापलेलं असे. त्यात कुणाला लाज वाटत नव्हती. आपण चाल ठेवली आणि शब्द बदलले. न्यू यॉर्कच्या बीबॉप जॅझवाल्यांनी चालच टाकून दिली आणि तिच्याखालचा कॉर्डांचा सांगाडा तेवढा ठेवला. गर्शविनच्या १९३०च्या ‘आय गॉट रिदम’च्या सांगाड्यावर इतक्या नव्या रचना झाल्या की त्या सांगाड्यालाच नाव पडलं. ‘हाउ हाय द मून’च्या सांगाड्यावर ‘ऑर्निथॉलॉजी’ उभी राहिली, जी चार्ली पार्करने गाजवली. यात थोडा हिशेबही होता: चालीवर मालकी सांगता येत होती, कॉर्डांच्या क्रमावर नाही. तेव्हा नवी चाल केली की मूळवाल्याला पैसे द्यायला नकोत.

पण कॉर्डांचं गणित न समजणाऱ्याला हा खेळ कळायचा तर जॉन कोल्ट्रेनचं ‘माय फेवरिट थिंग्ज’ ऐकावं. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ नोव्हेंबर १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आलं. त्यात हे गाणं म्हणजे मनाला धीर देण्यासाठी आवडत्या वस्तूंची मोजदाद. वर्षभरात, ऑक्टोबर १९६० मध्ये, कोल्ट्रेनने ते सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतलं. सुरुवातीला चाल सरळ वाजते, अगदी शहाण्यासारखी. तीन-तीनच्या लयीत पियानो डुलत असतो. मग पियानोवरचा मॅकॉय टायनर दोनच कॉर्डांवर ठाण मांडतो, फिरून फिरून तेच, आणि त्या ठेक्यावर सॅक्सोफोन लांब लांब फिरून येतो. आपल्याला ही बैठक ओळखीची वाटते, कारण तंबोऱ्यावर बसलेला गायकही हेच करतो. मधेच चालीचा तुकडा डोकावतो तेव्हा समेवर आल्यासारखं हायसं वाटतं. तेरा मिनिटांहून अधिक चालणारं हे वादन लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यांना मूळ चाल पाठ होती, म्हणूनच इतकं दूर जाणं त्यांना झेपलं. अनोळखी रचनेवर हाच विस्तार केला असता तर निम्मे उठून गेले असते.

ओळखीची चाल असते ती यासाठी. ती वादकाला उधळायला मोकळीक देते आणि ऐकणाऱ्याला धरायला दोरी.

आता आपल्याकडे या. ‘इंद्रायणी काठी’ हुबळीत कानडी घरांतही ऐकू येतं. कित्येकांना ती संतरचना वाटते. शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची, चित्रपट १९५३चा ‘गुळाचा गणपती’, आवाज गदगच्या भीमसेनांचा. चित्रपटाचं गाणं इतकं सगळ्यांचं झालं की त्याचे बाप हरवले. ‘ऑटम लीव्ह्ज’चंही तेच. कोस्माची ती चाल १९४६च्या फ्रेंच चित्रपटातली, पण १९५८ मध्ये कॅननबॉल ॲडर्लीने माइल्स डेव्हिसला सोबत घेऊन ती वाजवली ती स्वतःची म्हणून. त्यानंतर प्रत्येकाने ती आपापली करून घेतली. ‘इंद्रायणी काठी’ मात्र आपण भीमसेनांच्या नावावर कायमची करून टाकली. गावोगावच्या स्पर्धेत मुलं ती गातात, तान तिथेच, खटका तिथेच, दम घेण्याची जागाही तीच. परीक्षक खूष. कुणी भीमपलासात दोन पावलं वेगळी टाकली तर मागच्या रांगेतून शेरा ठरलेला: “पंडितजींसारखं नाही झालं.”

यात ध्वनिमुद्रिकेला दोष देण्याचा मोह होतो, तो मी आवरतो. भीमसेनांनी घर सोडलं ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटी ठुमरीच्या तबकडीने वेड लावलं म्हणून. तबकडी नसती तर भीमसेन नसते. पण पुढे ते ती ठुमरी गायले तेव्हा खाँसाहेबांचा नाजूक, टोकदार आवाज कुठे आणि हा घनगर्जनेचा गळा कुठे! कुंदगोळच्या एकाच गुरूकडून, सवाई गंधर्वांकडून, गंगूबाई हनगल, भीमसेन आणि फिरोज दस्तूर शिकले. तिघांना एका पंक्तीला बसवून ऐका, कुणीही कुणाची नक्कल नाही. नक्कल ही त्यांच्या शिक्षणाची पहिली पायरी होती. आपण तिलाच गच्ची समजलो.

जॅझमध्येही सगळं आलबेल आहे असं नव्हे. १९७०च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजच्या मुलांनी ‘रिअल बुक’ नावाचं चोरटं सुरावटींचं पुस्तक काढलं आणि जगभरचे होतकरू वादक त्यातल्या चुकांसकट तेच कॉर्ड वाजवू लागले. जॅम सेशनमध्ये पुन्हा ‘ऑटम लीव्ह्ज’ निघालं की जुने वादक कपाळाला हात लावतात. तरी तिथे एक शिस्त टिकली आहे: चाल वाजवून झाली की तुझं स्वतःचं काय ते सांग, असं श्रोता विचारतोच. सांगण्यासारखं काही नसेल तर चार टाळ्या कमी पडतात.

धारवाडला ही शिस्त परकी नव्हती. मन्सूर अण्णा अनवट रागांचे बादशहा, पण अक्कमहादेवीचं ‘अक्क केळव्वा’ गायला बसले की घरातली आजी आणि रागदारीचा जाणकार एकाच वेळी माना डोलवत. ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ दक्षिणेत वेगळ्या रागात, वेगळ्या चालीत गातात. भीमसेनांनी ती आपल्या पद्धतीने गायली, तेव्हा पुरंदरदासांचा अपमान झाला असं कुणी म्हटलं नाही. ‘कट्यार काळजात घुसली’त अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद मकरंद’ एकाच नाटकात दोन निराळ्या चालींत बसवलं, आणि प्रेक्षक दोन्ही घेऊन घरी गेले.

हुबळी-धारवाडच्या स्पर्धांच्या आयोजकांना माझी विनंती एवढीच आहे: नियमांच्या कागदावर एक ओळ वाढवा. मूळ ध्वनिमुद्रणाबरहुकूम गायलं तर गुण अर्धेच मिळतील.