दाराशी उभे राहिलेले

युद्धातील पातकांचा विचार करताना आपली दृष्टी सहजच ज्याच्या हाती शस्त्र होते त्याच्याकडे वळते. हे स्वाभाविक आहे, आणि न्यायाचे पहिले पाऊल म्हणून योग्यही आहे. परंतु एखादे दुष्कृत्य एकदाच घडले, तर त्याचा कर्ता सापडल्यावर प्रश्न बहुतेक संपतो. तेच दुष्कृत्य पुनःपुन्हा, एकाच रीतीने, एकाच दलात घडत राहिले तर मात्र निराळाच प्रश्न उभा राहतो. इतका काळ ते वरच्या कोणालाच कसे दिसले नाही? आणि ज्यांना ते दिसावयास हवे होते, त्यांचे न दिसणे हा गुन्हा मानावा, दोष मानावा, की केवळ दुर्दैव? सरकारी कचेरीतील एका सामान्य कारकुनाने सेनापतींच्या जबाबदारीविषयी लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु हा प्रश्न शेवटी तलवारीचा नसून कागदाचा आहे, आणि कागदाशी आपणा सर्वांचा रोजचा संबंध आहे.

उदाहरण ऑस्ट्रेलियाचे घेतो. कारण आपल्या सैन्यातील सर्वांत नावाजलेल्या दलाची चौकशी त्या देशाने स्वतः केली आणि तिचा निष्कर्ष स्वतःच जगापुढे मांडला. ही गोष्ट त्याच्या जमेस प्रथमच धरली पाहिजे. अफगाणिस्तानातील युद्धात ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलांचे मुख्य कार्यक्षेत्र उरुझगान प्रांत हे होते. त्यांत 'स्पेशल एअर सर्व्हिस रेजिमेंट'चा लौकिक सर्वांत मोठा. कठोर निवडीतून पार पडलेली माणसे, लहान तुकड्या, गुप्त मोहिमा, आणि मायदेशी असा अभिमान की त्यांच्यावर संशय घेणे म्हणजे राष्ट्राच्या शौर्यावरच संशय घेणे. तरीही कुजबूज वाढत गेली, आणि २०१६ साली मेजर जनरल पॉल ब्रेरेटन यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. हे गृहस्थ सैन्यातील अधिकारी तसेच न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. चार वर्षांत त्यांनी चारशेहून अधिक साक्षीदार तपासले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अहवालाचा प्रकट करण्याजोगा भाग प्रसिद्ध झाला.

त्या अहवालाचा सारांश असा. २३ प्रसंगांत ३९ माणसे बेकायदा ठार मारली गेल्याची विश्वसनीय माहिती चौकशीस मिळाली, आणि या प्रसंगांशी २५ आजी-माजी सैनिकांचा, प्रत्यक्ष कर्ते वा साहाय्यक म्हणून, संबंध दिसून आला. चौकशीचा निष्कर्ष म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे, हे विसरता कामा नये. परंतु यांपैकी एकही हत्या लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत, क्षणिक गोंधळात झालेली नाही, असेही तो अहवाल सांगतो. मारले गेलेले लोक बंदिवान होते, शेतकरी होते, निदान त्या क्षणी तरी निःशस्त्र होते. नव्या शिपायाने आपला पहिला बळी घ्यावा म्हणून तुकडीनायकाने त्याला बंदिवानावर गोळी झाडावयास लावावे, अशीही एक चाल तेथे पडली होती. शिष्याला दीक्षा द्यावी तसा हा प्रकार! मग प्रेताजवळ एखादे शस्त्र किंवा बिनतारी यंत्र ठेवावयाचे, त्याचे छायाचित्र घ्यावयाचे आणि ते अहवालास जोडावयाचे. त्यासाठी अशा वस्तू मोहिमेवर जाताना बरोबरच नेल्या जात.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न येथून सुरू होतो. कारण छायाचित्र घेतले जाते ते कोणीतरी पाहावे म्हणून, आणि अहवाल लिहिला जातो तो कोणीतरी वाचावा म्हणून. हे अहवाल वर जात होते, वाचले जात होते, मान्य होत होते. त्यांतील भाषाही ठराविक साच्याची झाली होती. गोळीबाराच्या नियमांत जे जे बसावयास हवे ते ते शब्द नेमके त्या त्या ठिकाणी येत. गावातील वडीलधाऱ्यांनी आपली माणसे नाहक मारली गेल्याची तक्रार केली, तर तो शत्रूचा प्रचार ठरे किंवा नुकसानभरपाईची हाव ठरे. ज्याने आयुष्यात थोडाफार पत्रव्यवहार हाताळला आहे त्याला ठाऊक असते की खऱ्या घटनांचे कागद एकमेकांसारखे नसतात. कोठे वेळ चुकते, कोठे खाडाखोड असते, कोठे एखादी अडचणीची गोष्ट डोके वर काढतेच. दहा निरनिराळ्या दिवशी, दहा निरनिराळ्या वाड्यांत घडलेल्या प्रसंगांचे वर्णन एकाच वाक्यात होऊ लागले, तर ते वाचणाऱ्याने लेखणी खाली ठेवून थोडे थांबावयास हवे. तेथे पुरेसे कोणी थांबले नाही.

चौकशीने जबाबदारीची वाटणी केली ती अशी. दुष्कृत्ये योजली गेली, केली गेली आणि लपविली गेली ती तुकडीनायकांच्या, म्हणजे सार्जंट आणि कॉर्पोरल यांच्या पातळीवर. वरच्या अधिकाऱ्यांना ती ठाऊक असल्याचे दिसले नाही. मात्र आपल्या हाताखाली जे घडले त्याची नैतिक जबाबदारी त्यांच्यावर येते. ही वाटणी पुराव्याला धरून असेल. तिच्यावर आक्षेप घेण्याची माझी पात्रता नाही. परंतु 'नैतिक जबाबदारी' या शब्दाने आपण नेमके काय म्हणतो? ज्या जबाबदारीची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही, ती जबाबदारी आहे की केवळ शिष्टाचार? सेनाप्रमुख जनरल अँगस कॅम्बेल यांनी अफगाण जनतेची क्षमा मागितली आणि त्या पथकास मिळालेले सामुदायिक सन्मानचिन्ह परत घेण्याची शिफारस केली. लोकमत खवळले, आणि २०२१ साली संरक्षणमंत्र्यांनी ते चिन्ह कायम ठेवले. युद्धगुन्ह्यातील खुनाचा आरोप एका माजी सैनिकावर प्रथम ठेवला गेला तो मार्च २०२३ मध्ये. काही सेनाधिकाऱ्यांची पदके काढून घेण्यात आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. या साऱ्या काळात, मे २०२४ मध्ये, पाच वर्षे आठ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली ती डेव्हिड मॅकब्राइड या सैन्यातील विधी अधिकाऱ्याला, गुप्त कागदपत्रे वृत्तसंस्थेच्या हाती दिल्याबद्दल. त्याचा हेतू काय होता याविषयी मतभेद आहेत, आणि गुप्ततेचा भंग हा गुन्हा आहे हेही खरे. तरीही या तारखा क्रमाने मांडून पाहिल्या की मन अस्वस्थ होते.

या ठिकाणी महाभारतातील सौप्तिक पर्वाची आठवण होणे अपरिहार्य आहे. रात्री निजलेल्या छावणीवर अश्वत्थामा चालून गेला, त्या वेळी तो एकटा नव्हता. कृपाचार्य आणि कृतवर्मा त्याच्याबरोबर होते. कृपाने आधी त्याला समजावले, सकाळपर्यंत थांब म्हणून सांगितले. भाच्याने ऐकले नाही तेव्हा तो त्याच्यामागून गेला. आत अश्वत्थामा निजलेल्यांना मारीत होता, आणि दाराशी हे दोघे उभे राहून जीव घेऊन पळणाऱ्यांना टिपीत होते. पुढे काय झाले? अश्वत्थाम्याचा मणी काढून घेतला गेला, त्याला शाप मिळाला, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत फिरतो अशी आपल्याकडील आयाबायांची समजूत आहे. कृतवर्म्याला त्या रात्रीचे टोमणे मरेपर्यंत ऐकावे लागले. आणि कृपाचार्य? महाप्रस्थानास निघताना पांडवांनी परीक्षितीला शिष्य म्हणून त्याच्याच स्वाधीन केले. ज्या बालकाला अश्वत्थाम्याने गर्भातच मारण्याचा यत्न केला, त्याचे शिक्षण त्या रात्री दाराशी उभ्या असलेल्या कृपाकडे गेले! व्यासांनी यावर काही भाष्य केलेले नाही. पण शिक्षा आत शिरणाऱ्याला होते आणि दाराशी उभा राहणारा आचार्यपदी कायम राहतो, ही गोष्ट त्यांनी लपवूनही ठेवलेली नाही.

यावर एक सबळ आक्षेप आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वरिष्ठाने कनिष्ठावर विश्वास टाकावयाचा नाही तर करावयाचे काय? विश्वासावाचून एक कचेरी दिवसभर चालणार नाही. मग शेकडो मैलांवर, मृत्यूच्या छायेत चालणारी मोहीम कशी चालेल? शिवाय तीच ती मोजकी माणसे पुनःपुन्हा त्याच भूमीवर पाठविली गेली होती. त्यांच्या थकव्याचा आणि कडवटपणाचा दोष त्यांना पाठविणाऱ्या राज्यकर्त्यांकडेही जातो. हे सारे मान्य केले पाहिजे. परंतु विश्वास आणि सोय या दोन भिन्न वस्तू आहेत. ज्याच्यावर आपला खरा विश्वास असतो त्याला आपण निःशंकपणे प्रश्न विचारतो, कारण उत्तराची आपल्याला भीती नसते. जेथे प्रश्न विचारण्याचेच टाळले जाते, तेथे बहुधा उत्तराची भीती असते आणि तिला विश्वासाचे नाव दिलेले असते. अज्ञानही दोन प्रकारचे आहे. एक माणसाच्या वाट्याला येते. दुसरे तो हळूहळू, जपून, कमावीत जातो. पहिल्यासाठी क्षमा आहे. दुसरे हे कर्मच आहे, आणि त्याचे फळ कर्त्यालाच भोगावे लागले पाहिजे.

श्रेष्ठ म्हणून निवडलेल्या दलांत हे कमावलेले अज्ञान अधिक सहज वाढते. सामान्य पलटणीच्या कामाची तपासणी करताना कोणाला संकोच वाटत नाही. पण जे दल सर्वांहून श्रेष्ठ मानले गेले, त्याचा लौकिकच त्याच्या वतीने साक्ष देऊ लागतो. तेथे नव्याने आलेला तरुण अधिकारी नावाने वरचा असतो. परंतु अनेक मोहिमा पाहिलेला सार्जंट त्याच्याहून मोठा मानला जातो, आणि त्याला प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी वरून कोणी उभे राहत नाही. आपण या लोकांना सन्मान देतो असे समाजाला वाटते. वस्तुतः त्याने त्यांना एकटे सोडलेले असते.

हे दूरदेशीचे म्हणून बाजूस ठेवता येण्यासारखे नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात, ओटिंग गावाजवळ, कोळशाच्या खाणीवरून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर आपल्या सैन्याच्या विशेष दलाने गोळीबार केला आणि त्यात सहाजण ठार झाले; त्यानंतर उसळलेल्या क्षोभात आणखी ग्रामस्थ व एक जवानही मरण पावला. हे प्रकरण उरुझगानच्या जातीचे नाही. मजुरांना अतिरेकी समजण्यात चूक झाली, असे सरकारने संसदेत सांगितले आणि खेदही व्यक्त केला. जून २०२२ मध्ये राज्याच्या पोलिसांनी एका मेजरसह तीस जणांवर आरोपपत्र ठेवले. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विशेषाधिकार कायद्यान्वये खटल्यास केंद्राची मंजुरी लागते. ती २०२३ मध्ये नाकारण्यात आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुढे कधी मंजुरी मिळाल्यास खटला चालू शकेल असे सांगून, कारवाई थांबविली. सैनिकाला सूडाच्या खटल्यांपासून संरक्षण हवे, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. तरीही ज्या घरातून खाणीवर गेलेला मुलगा परत आला नाही, त्या घराला भर न्यायालयात प्रश्न विचारून उत्तर ऐकण्याची वाट मंजुरीच्या एका कागदाशी येऊन थांबते, ही वस्तुस्थिती आहे. असे कागद आपल्यासारखीच माणसे तयार करतात, तपासतात आणि पुढे पाठवितात. म्हणून असा कागद हातावेगळा करताना मन जागे ठेवणे, एवढे तरी त्यांच्या हाती आहे.

शिवछत्रपतींचे चिपळूणच्या छावणीस उद्देशून लिहिलेले पत्र आपल्याकडे शाळेतील मुलांनाही ऐकून ठाऊक असते. घोडदळाने रयतेस काडीचाही उपद्रव देऊ नये, ही त्यातील आज्ञा आपण अभिमानाने सांगतो. परंतु ते पत्र कोणाला लिहिले आहे याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जुमलेदार आणि हवालदार यांच्या जोडीला त्यात कारकुनांनाही संबोधिले आहे. तलवार न धरणाऱ्या माणसालाही महाराजांनी त्या जबाबदारीतून वगळले नाही. दाणा-वैरणीचा हिशेब त्याच्या वहीत होता. छावणीत काय शिजते आहे हे त्याला आधी कळणार होते.

उरुझगानहून आलेल्या त्या एकसारख्या अहवालांपैकी एखाद्याच्या समासात कोणीतरी 'हे कशावरून?' एवढाच शेरा लिहिला असता तर काय झाले असते, हे आज सांगता येत नाही. कदाचित तो लिहिणाऱ्याची बदली झाली असती. कदाचित पुढचा बंदिवान जिवंत राहिला असता. या दोन शक्यतांपैकी पहिलीचे भय आपल्याला दुसरीच्या आशेहून किती मोठे वाटते, हे ज्याचे त्यानेच आपल्या मनाला विचारावे.