वार चुकला नाही



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक १४.

या श्लोकात भगवंत आपल्या भक्तांची ओळख सांगतात. ते सतत माझं कीर्तन करतात, प्रयत्न सोडत नाहीत, त्यांचं व्रत पक्कं असतं, भक्तीने मला नमस्कार करतात आणि नित्य जोडलेले राहून माझी उपासना करतात. एवढाच सरळ अर्थ. पण यातले तीन शब्द जरा थांबून बघा: सतत, दृढव्रत आणि नित्ययुक्त. तिन्ही शब्द आपल्याला एकच सांगतात, की येत राहा. किती थाटात या, किती जण या, मन किती भरून आलेलं असू द्या, याबद्दल इथे काही म्हटलेलं नाही.

हा श्लोक मी कॉलेजात असल्यापासून वाचतोय. तो थोडाफार कळला तो जुलै २०२५ मध्ये, एका कुलपामुळे.

आमची कॉलनी सावेडीत आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण घरात तोंडी अजून नगरच येतं. कॉलनीच्या कोपऱ्यावर मारुतीचं छोटं मंदिर आहे. शेंदरी मूर्ती, पुढे पत्र्याचा मंडप आणि लोखंडी जाळीचं दार. आपल्याकडे शनिवार मारुतीचा, त्यामुळे सकाळी तेल, शेंदूर आणि रुईच्या पानांची माळ. संध्याकाळी साडेसातला समर्थांचं मारुतीस्तोत्र, हरिपाठातले काही अभंग, आरती आणि गूळ-फुटाण्यांचा प्रसाद. माणसं आठ-नऊ. पावसात चार-पाच.

त्या वर्षी हनुमान जयंती १२ एप्रिलला, म्हणजे नेमकी शनिवारीच आली होती. मी पहाटे चारला मंडपात हजर. साउंड सिस्टिम माझ्याकडे, लाइव्ह माझ्याकडे, देणगीचा क्यूआर कोडही मीच छापून आणलेला. सूर्योदयाला जन्म झाला, सुंठवडा वाटला, दुपारी महाप्रसादाच्या पंगतीवर पंगती उठल्या. संध्याकाळी कमिटीने मला शाल-श्रीफळ दिलं. तो फोटो मी दोन दिवस स्टेटसला ठेवला होता, हेही कबूल करतो.

त्या दिवशी मंडपाच्या मागच्या बाजूला एक काका पत्रावळ्या गोळा करत होते. एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. दर शनिवारी सातला कुलूप तेच उघडतात, फरशी पुसतात, समईत तेल घालतात. तुम्ही-आम्ही ज्याला जयंती म्हणत होतो, तो त्यांच्यासाठी त्या वर्षातला पंधरावा शनिवार होता. आधीचे चौदा त्यांनी सांभाळलेच होते. त्यांना शाल दिली नाही, आणि त्यात कुणाला काही चुकलंय असंही वाटलं नाही. मलाही नाही.

जुलैमध्ये काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर धूर-धुळीपासून लांब राहायला सांगितलं. मी तेव्हा घरूनच काम करत होतो. काकांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चार शनिवारांचा प्रश्न आहे. सातला उघड, समई लाव. बाकीचं लोक करतात." मी म्हटलं, "काका, बिनधास्त राहा."

५ जुलै झाला. १२ जुलै झाला. १८ तारखेला शुक्रवारी अचानक पुण्याला ऑफिसात जावं लागलं. शनिवारी मोठं रिलीज होतं. गेलो. किल्ली बॅगेच्या छोट्या कप्प्यात होती, आणि ती तिथे आहे हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

शनिवारी रात्री सव्वादहाला काम संपवून फोन हातात घेतला. सायलेंटवर होता. सहा मिस्ड कॉल. ग्रुपवर एक फोटो: जाळीच्या दाराला बांधलेली रुईची माळ. खाली काही लिहिलं नव्हतं.

मी काकांना फोन लावला. कळलं की कुलूप बघून कुणीतरी त्यांच्या घरी गेलं होतं, आणि काळा चष्मा लावून ते स्वतः मंदिरापर्यंत चालत आले होते. ज्या धुरापासून त्यांना लांब ठेवायचं होतं, त्याच धुरात माझ्यामुळे उभे राहिले. मी काय बोलू ते सुचेना. तेच म्हणाले, "आरती झाली रे. जाळीबाहेरून झाली. दिवा पायरीवर लावला. वार चुकला नाही." आणि मग विचारलं, "तू जेवलास का?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

रात्री मी स्वतःची बाजू मांडत बसलो. काम हासुद्धा कर्मयोगच आहे ना? आहे. पुण्याला जाणं चूक नव्हतं. चूक वेगळीच होती. ऑफिसात मी एक दिवस सुट्टी घेतली तरी ऑन-कॉल कुणाकडे द्यायचा हे आधी ठरवतो, लिहून ठेवतो, समोरच्याचा होकार घेतो. तसं न करता मी कधीच लॅपटॉप बंद केलेला नाही. मग मंदिराच्या किल्लीबाबतीत हे का सुचलं नाही? कारण माझ्या मनात ऑफिस म्हणजे 'करावंच लागतं' आणि मंदिर म्हणजे 'जमलं तर'. जयंतीला मी चार वाजता उठलो, कारण त्या दिवशी लोक बघत होते. 'दृढव्रत' हा शब्द मी इतकी वर्षं वाचला होता, पण माझं व्रत दृढ होतं ते फक्त गर्दीच्या दिवशी.

रविवारी परत आलो. आधी काकांकडे जाऊन पाया पडलो, आणि सोमवारी आईला घेऊन नेवाशाला गेलो. त्या दिवशी, २१ जुलैला, आषाढ वद्य एकादशी होती. कामिका एकादशीला आई दरवर्षी नेवाशाला जाते. प्रवरेच्या काठावर जिथे माउलींनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली, ते हे ठिकाण. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यात उभी राहिली, हे पुण्या-मुंबईतल्या मित्रांना मी नेहमी अभिमानाने सांगतो. पण मीच तिथे पाच वर्षांनी गेलो होतो.

तिथल्या गाभाऱ्यात एक दगडी खांब आहे. पैस खांब. माउली त्याला टेकून बसले होते, अशी आपली श्रद्धा आहे. विचार करा, नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ जिथे जन्मला तिथे पूजा कशाची, तर टेकायला दिलेल्या आधाराची! खांबाने काही सांगितलं नाही, लिहिलं नाही. तो जागेवर राहिला.

एकादशीची गर्दी होती. रांग पुढे सरकत होती, दर्शनाला दोन क्षण मिळाले. खांबावर कोरलेली अक्षरं दिसली. या खांबावर जुना संस्कृत लेख आहे. आणि तो कशाबद्दल आहे? कुठल्या लढाईबद्दल नाही, राजाच्या पराक्रमाबद्दल नाही. करवीरेश्वराच्या मंदिरातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दान दिलं, त्याची ती नोंद आहे. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. पण परवाच्या शनिवारी समईत तेल घालायला न आलेला माणूस म्हणून त्या खांबासमोर उभं राहणं वेगळं होतं.

दिवा अखंड ठेवायचा तर कुणाला तरी रोज बघावं लागतं. तेल किती उरलंय, वात कितपत जळालीय. त्याची शाल नसते, फोटो नसतो. ज्या खांबाचा आधार माउलींनी घेतला, त्याच्या अंगावर अशा रोजच्या तेलाचा हिशोब कोरलेला आहे. मला तरी त्या दिवशी 'नित्ययुक्त' या शब्दाचा अर्थ तिथे मिळाला.

परतताना घोडेगावला शिंगणापूरचा फाटा लागतो. आई खिडकीतून बघत सहज म्हणाली, "इथे देवाला दारच नाही बघ." शनिदेव उघड्या चौथऱ्यावर, वर छत नाही, गावातल्या घरांना दारं नाहीत म्हणून सगळीकडे प्रसिद्ध. ती मला टोमणा मारत नव्हती. पण मला लागला.

आता तुमच्यातले काही जण विचारतील, आणि मीही विचारायचो: दर आठवड्याला तेच स्तोत्र, तीच आरती. हे यांत्रिक होत नाही का? भाव नसेल तर जाऊन काय उपयोग? आणि देव सगळीकडे आहे, मग त्या पत्र्याच्या मंडपातच का?

याच श्लोकावर माउली ज्ञानेश्वरीत भरभरून बोलतात. त्यांचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. देव म्हणतो, मी एक वेळ वैकुंठात सापडणार नाही, योग्यांच्या मनातूनही निघून जाईन. पण हरवलो असं वाटलं तर जिथे माणसं माझं नाव घेतायत, तिथे येऊन शोधा. म्हणजे त्या शनिवारी मारुतीराय कुलपाच्या आत होते की जाळीबाहेर टाळ्या वाजवणाऱ्या सात माणसांत, याचं उत्तर माउलींनी आधीच देऊन ठेवलंय. त्या सातांत मी नव्हतो, हा माझा तोटा.

आणि भावाचं म्हणाल तर श्लोकात 'प्रयत्न करणारे' असाही शब्द आहे. भाव आधीपासून भरलेला असता तर प्रयत्न कशाला लागला असता? काकांनाही दर शनिवारी भरून येत नसेल. गुडघे दुखत असतील, पाऊस असेल, घरात काही बिनसलेलं असेल. ते जातात. भाव एखाद्या शनिवारी येतो, आणि तो येतो तेव्हा ते तिथे असतात.

सणाला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाहीये. सण हवेतच. शिर्डीत रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीचा सोहळा होतो, आणि दर गुरुवारी पालखीही निघते. गुरुवारची पालखी उत्सवापेक्षा कमी आहे असं कुणी म्हणत नाही. सण आपल्याला आत आणतो. वार आपल्याला आत ठेवतो.

आमच्याकडे आता तीन किल्ल्या आहेत. पुढच्या चार शनिवारी कोण उघडणार हे ग्रुपवर आधी ठरतं, आणि ज्याला जमणार नाही तो गुरुवारपर्यंत सांगतो. महिन्यातले दोन शनिवार माझे. काका ऑगस्टपासून पुन्हा येतात. मी फरशी पुसली की तेच कोपरे ते पुन्हा एकदा पुसतात. मी काही बोलत नाही.

आजचा नेम: तुम्ही जिथे राहता, हिंजवडीत, ठाण्यात, बंगळुरूत, तिथलं जवळचं एक छोटं मंदिर शोधा. आठवड्यातला एक वार निवडा. तिथे कुलूप कोण उघडतं, त्यांना एकदा भेटा. नमस्कार करा आणि विचारा, "माझ्यासाठी काही काम आहे का?" जे सांगतील ते छोटंच असेल. तेवढंच करा, पण पुढच्या वारीही करा. आणि जमणार नसेल तर आधी सांगा. तेही व्रतातच येतं.

मारुतीराया, मोठं काही मागत नाही. माझा वार चुकू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी! जय बजरंगबली!